दुखणं थांबलं, तरी डोळ्याची नस तपासून घ्या



रात्री अचानक एका डोळ्यात जोराच्या कळा येतात. कपाळ ठणकतं, डोळा लाल होतो, दिव्याभोवती रंगीत कडं दिसतं, उलट्या होतात. घरचे म्हणतात, ‘पित्त झालंय, अर्धशिशी उठलीय.’ गोळी घेऊन आपण पडून राहतो. पण हा काचबिंदूचा झटका असू शकतो. यात उशीर झाला तर नजर कायमची जाते.

झटका कशाने येतो?

डोळ्याच्या आत सतत थोडं पाणी तयार होतं. हे पाणी म्हणजे अश्रू नव्हेत. बुबुळाच्या कडेच्या कोपऱ्यातून त्याचा निचरा होतो. काही जणींचा हा कोपरा मुळातच अरुंद असतो. वयाबरोबर डोळ्यातलं भिंग जाड होतं आणि वाट आणखी आवळते. एखाद्या दिवशी ती बंदच होते. मोरी तुंबली की न्हाणीत पाणी साचतं, तसंच. डोळ्याचा दाब एरवी साधारण १० ते २१ असतो; झटक्यात तो ४०-५० च्याही वर जातो.

हा झटका पुरुषांपेक्षा बायकांना जास्त येतो. चाळिशी उलटलेल्या, लांबचं बघायलाही अधिक नंबरचा चष्मा लागणाऱ्या आणि घरात कुणाला काचबिंदू असलेल्या बायांनी जास्त जपावं.

नसेचं काय होतं?

डोळ्यापासून मेंदूकडे जाणाऱ्या नसेत दहा लाखांच्या आसपास बारीक तंतू असतात. दाब वाढला की त्यांना रक्त कमी पडतं. आधी नस सुजते, त्यामुळे पहिल्या दिवसांत नुकसान किती झालं ते नीट कळत नाही. सूज उतरल्यावर, काही आठवड्यांत किंवा महिन्यांत नस फिकी पडते, तंतू विरळ होतात. तेव्हा काहीच दुखत नाही! मेलेले तंतू परत येत नाहीत. मोतीबिंदूत ऑपरेशननंतर दिसायला लागतं. काचबिंदूत गेलेली नजर ऑपरेशननेही येत नाही.

फसगत होते ती इथेच. थेंब, गोळ्या, सलाईनने दाब उतरतो, दुखणं थांबतं. मग पुढच्या तारखेला जायचं म्हणजे एसटीचं भाडं आणि बुडालेली मजुरी. आपण म्हणतो, ‘आता बरं आहे, कशाला जायचं?’ पण दाब पुन्हा वाढला तर उरलेले तंतूही जातात.

काय करायचं?

• अशी लक्षणं दिसली तर सकाळची वाट बघू नका. १०८ ला फोन करा, किंवा जवळच्या उपजिल्हा रुग्णालयात नाहीतर धाराशिवच्या शासकीय रुग्णालयात लगेच जा.
• मेडिकलमधून मनाने डोळ्याचे थेंब घेऊ नका.
• डॉक्टर लेझरने बुबुळाला बारीक छिद्र पाडतात, म्हणजे पाण्याला दुसरी वाट मिळते. चांगल्या डोळ्यालाही पुढे झटका येऊ शकतो, म्हणून त्यालाही बहुतेक वेळा लेझर लागतो. घाबरून नाही म्हणू नका.
• दिलेल्या तारखांना जा. दाब, नस आणि कडेची नजर तपासायला सांगा. कागद जपून ठेवा.
• सर्दीची किंवा पोटदुखीची गोळी घेण्याआधी झटका येऊन गेल्याचं डॉक्टरांना सांगा. काही गोळ्यांनी झटका पुन्हा येऊ शकतो.
• आई, बहिणी, मुली यांचेही डोळे तपासून घ्या.

बैठकीत बोलूया

१. आपल्या गटात चाळिशीच्या वरच्या किती जणींनी डोळ्याचा दाब तपासलाय?
२. डोळ्याचा झटका आणि पित्त यातला फरक कसा ओळखायचा?
३. तपासणीच्या तारखेला एखादीला भाड्याची अडचण आली, तर गटातून अंतर्गत कर्ज देता येईल का? सोबत कोण जाईल?

तिसऱ्या प्रश्नावरचा निर्णय ठराव वहीत लिहून ठेवा. हप्त्याची तारीख आपण चुकवत नाही. डोळ्याची तारीखही चुकवायची नाही.