बॉनेटखालची अनोळखी मंडळी

गेल्या दिवाळीच्या सुटीत आमच्या घरी एक मोटार आली. नवी कोरी नव्हे. 2014 साली नोंदलेली, दोन हातांतून फिरलेली एक पांढरी वॅगन-आर. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर आमच्या आईस व्यायामोपचारासाठी आठवड्यातून दोनदा न्यावे लागे, आणि रिक्षात चढणे-उतरणे तिला सोसत नसे. म्हणून गाठीस होते-नव्हते ते एकत्र करून आम्ही ही गाडी घेतली. कारेलीबागेतील आमच्या सोसायटीत ती आली, तेव्हा आईने तिच्या चाकाखाली लिंबे ठेवली, बहुचराजीच्या देवळातून आणलेले कुंकू लावले आणि आम्ही कृतार्थ झालो.

ही कृतार्थता तीन दिवस टिकली. चौथ्या दिवशी अमितनगरच्या चौकात गाडी उभी असता ती थंडी भरल्यासारखी थरथरू लागली. वेग घेतला की थरथर थांबे; उभी केली की पुन्हा सुरू होई. गॅरेजच्या भाषेत सांगायचे तर गाडी ‘मिसिंग’ मारीत होती. एका कारागिराने कान देऊन ऐकले आणि निदान केले, ‘इंजिन खोलावे लागेल.’ त्याने सांगितलेला आकडा ऐकून आम्ही गाडी मुकाट्याने घरी आणली. विकणाऱ्या गृहस्थांना दूरध्वनी केला. त्यांनी ‘आमच्याकडे तर उत्तम चालत होती’ एवढेच सांगितले.

दुसऱ्या दिवशी सकाळी, इंजिन पूर्ण थंड असताना, आम्ही व आमचा नववीतील पुतण्या असे दोघे बॉनेट उघडून उभे राहिलो. ‘थंड असताना’ हे शब्द मुद्दाम लिहिले आहेत. तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडले तर आतील उकळते पाणी अंगावर उसळते, आणि पुढचा पंखा तर इंजिन बंद केल्यावरही आपोआप फिरू लागू शकतो.

प्रथम दर्शनी जो गोंधळ दिसला तो वर्णन करणे कठीण आहे. नळ्या, तारा, डबे, पट्टे यांची अशी दाटी, की जत्रेत हरवलेल्या मुलासारखी आमची अवस्था झाली. पण जत्रेतही माणसे ओळखायची एक रीत असते. अनोळखी माणसास आपण विचारतो, ‘आपण कोणाकडचे?’ तीच रीत येथे चालते. इंजिनाला हवा, इंधन, पाणी आणि वीज ही चारच घराणी ठाऊक आहेत. तेल आणि ब्रेक यांचे संसार थोडे वेगळे. पण त्यांची भांडी झाकणावरील चित्रांवरून ओळखू येतात. राहिलेल्या प्रत्येक वस्तूची नळी किंवा तार एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बोटाने धरून न्यावी. ती कोठून आली व कोठे गेली हे कळले म्हणजे वस्तूचे काम कळते. नाव मागाहून कळले तरी चालते.

या रीतीने रेडिएटरपासून निघालेली जाड रबरी नळी पाण्याच्या घराण्यातली ठरली. गाळणीच्या काळ्या पेटीतून निघालेला रुंद नळ हवेचा. बॅटरीपासून निघालेली जाड तार विजेची. तरीही पाच-सहा वस्तू उरल्या, ज्यांचा पत्ता गाडीबरोबरच्या पुस्तिकेतील आकृतीतही नव्हता. तेव्हा पुतण्याने नामी युक्ती काढली. सोसायटीत त्याच सालची, त्याच जातीची आणखी एक गाडी आहे. मालकांच्या परवानगीने तिचे बॉनेट उघडून त्याने छायाचित्र घेतले आणि दोन्ही चित्रे शेजारी-शेजारी मांडली. जे तिच्यात नाही आणि आमच्यात आहे, ते सारे पाहुणे!

पाहुण्यांची यादी अशी झाली: मागच्या पत्र्याला आवळलेला एक वाटोळा जड धातूचा डबा, ज्याला दोन पाण्याच्या नळ्या जोडल्या होत्या, इंजिनाच्या माथ्याजवळ ओळीने बसविलेली तीन लहान नळकांडी, बॅटरीशेजारी पंख असलेली ॲल्युमिनियमची बंद पेटी, तोंडावर काळे टोपण असलेला एक पितळी व्हॉल्व्ह, आणि कापून, तोंड चेपून बंद केलेली एक बारीक पोलादी नळी. ही नळी गाडीच्या पोटाखालून मागे डिकीकडे जात होती. डिकीतील गालिचा उचलला, तर तळाच्या पत्र्याला चार रिकामी भोके दिसली. तेथे काही जड वस्तू बोल्टांनी आवळलेली होती, हे उघड होते.

वडोदऱ्याच्या मुलास यापुढे फार सांगावे लागत नाही. या शहरात महानगरपालिकेने 1972 साली नळाने घरोघरी गॅस देण्यास आरंभ केला. मोटारींसाठी दाबलेला नैसर्गिक वायू, म्हणजे सी.एन.जी., देण्याचे देशातील पहिले प्रयोग 1990 च्या दशकाच्या आरंभी ज्या शहरांत झाले, त्यांतही बडोदे होते. आमच्या गाडीत कोणीतरी बाहेरून सी.एन.जी. किट बसविले होते आणि विकण्यापूर्वी त्यातली किमती टाकी तेवढी काढून घेतली होती. बाकीचे सामान, घर सोडून गेलेल्या भाडेकरूच्या खिळ्यांसारखे, जागच्या जागी राहिले होते.

आता एकेकाचे काम पाहू. टाकीत हा वायू दर चौरस सेंटिमीटरला सुमारे 200 किलोग्रॅम एवढ्या दाबाने भरतात. मोटारीच्या चाकातील हवेच्या दाबाच्या हा जवळजवळ शंभरपट झाला. एवढ्या दाबाचा वायू इंजिनात सोडता येत नाही. तो वाटोळा डबा दाब उतरवितो. गॅरेजमध्ये त्यास ‘रिड्यूसर’ म्हणतात. आम्ही पुतण्याला ‘दाब-उतारक’ असे सांगितले. (1890 साली महाराज सयाजीरावांनी येथे कलाभवन काढले, तेव्हा देशी भाषांतून शिल्पशिक्षण द्यावे असा त्रिभुवनदास गज्जर यांचा आग्रह होता. त्या गावात राहून एवढा एक शब्द तरी आपण बनवावा!) मग त्या डब्याला पाण्याच्या नळ्या कशाला? सायकलच्या ट्यूबमधील हवा सोडताना व्हॉल्व्ह बोटाला गार लागतो, हे तुम्ही अनुभवले असेल. दाबलेला वायू एकदम पसरला की थंड होतो. 200 च्या दाबावरून उतरताना तो इतका गारठतो की डबा गोठून वाट बंद व्हावी. म्हणून इंजिनातून निघालेले गरम पाणी त्याच्याभोवती खेळवितात. त्यासाठी हीटरच्या नळ्या मध्येच कापून प्लास्टिकचे ‘टी’ जोड बसविलेले असतात. आमच्या गाडीतील एका जोडाखाली हिरवट डाग दिसला. तेथून कूलंट झिरपत होते. ते असेच संपत गेले असते, तर इंजिन तापून खरोखरच खोलावे लागले असते.

तीन नळकांडी म्हणजे गॅसचे इंजेक्टर. इंजिन तीन सिलिंडरांचे, म्हणून तीन. त्यांच्यापासून तीन बारीक रबरी नळ्या हवा आत नेणाऱ्या नळांच्या भोकांत जायला हव्या होत्या. त्या काढून भोकांतील तोट्यांवर रबरी टोप्या चढविल्या होत्या. दोन टोप्या धड, तिसरी भेगाळलेली. रोग येथेच सापडला. पिचकारीचा दट्ट्या ओढला की पाणी जसे आत येते, तसा पिस्टन खाली उतरताना हवा आत खेचतो. त्या वेळी नळात बाहेरच्यापेक्षा दाब कमी असतो. भेगेतून आगंतुक हवा फक्त एकाच सिलिंडरच्या वाटेत शिरत होती. पेट्रोल तिन्हींना सारखेच मिळे. हवा मात्र एकाला अधिक. पेट्रोलच्या एका भागाला हवेचे सुमारे 14.7 भाग वजनाने लागतात. हे प्रमाण बिघडले की तो सिलिंडर नीट पेटत नाही. वेगात एकूण हवाच खूप असल्याने ही चोरी जाणवत नसे.

आम्ही इंजिन सुरू केले आणि बाह्या वर सारून, पट्टा व पंखा यांपासून हात दूर ठेवून, त्या टोपीवर बोट दाबले. थरथर थांबली. बोट उचलले, पुन्हा सुरू झाली. पुतण्याने हा प्रयोग आजीला खिडकीतून पाहता यावा म्हणून चार वेळा करून दाखविला.

या विजयाने त्याच्या अंगी बळ संचारले. पक्कड हाती घेऊन तो म्हणाला, “काका, आता ही ॲल्युमिनियमची पेटी कापून टाकू? गॅसच नाही तर हिचे काय काम?” आम्हीही ‘टाक’ म्हणणार होतो. पण आपलाच नियम आठवला: दोन्ही टोके पाहिल्यावाचून हात लावायचा नाही. पेटीच्या तारा बोटाने धरून गेलो, तर त्या पेट्रोलच्या इंजेक्टरांच्या तारांत गुंफलेल्या निघाल्या! ही पेटी किटचा मेंदू होय. गॅस चालू असता ती पेट्रोलच्या इंजेक्टरांना मिळणारी आज्ञा मध्येच अडविते आणि गॅसच्या नळकांड्यांना देते. पेट्रोलवर चालताना तीच आज्ञा आपल्यातून पुढे जाऊ देते. म्हणजे निरुपयोगी दिसणाऱ्या त्या पेटीतूनच आमचे इंजिन रोज चालत होते. पक्कड चालली असती, तर सोमवारी आई घरीच राहिली असती.

पेटी काढण्याचे काम आम्ही एका जाणत्या वीज-कारागिराकडून करविले. त्याने पेट्रोल-इंजेक्टरांच्या मूळ तारा पुन्हा सरळ जोडून दिल्या आणि मगच पेटी सोडविली. ‘टी’ जोड काढून अखंड नव्या नळ्या घातल्या. तोट्यांच्या जागी पक्के स्क्रू बसविले. इंजिन खोलण्याच्या आकड्याच्या दहाव्या हिश्शातही हा खर्च नव्हता.

कागदांची गोष्ट थोडक्यात. गाडीच्या आर.सी. बुकात इंधन म्हणून केवळ ‘पेट्रोल’ लिहिलेले होते. म्हणजे हे किट नोंदविलेलेच नव्हते. मोटार वाहन कायदा, 1988 याच्या 52 व्या कलमानुसार असा बदल परिवहन कार्यालयाच्या मंजुरीवाचून करता येत नाही, आणि विमा कंपनीलाही तो कळवावा लागतो. गॅसच्या टाकीची दाब-चाचणी तर दर तीन वर्षांनी करून घ्यावीच लागते. जुनी गाडी घेताना आपल्या वडीलधाऱ्यांबरोबर जाल, तेव्हा डिकीचा गालिचा उचलून पाहा आणि बॉनेटखालच्या वस्तूंशी पुस्तकातला ‘पेट्रोल’ हा शब्द ताडून पाहा. आम्ही तो पैसे मोजून झाल्यावर ताडला.

काढलेले सारे भाग पुतण्याने घासूनपुसून एका फळीवर बसविले आहेत. कापलेल्या पोलादी नळीचा तुकडाही त्यात आहे. तिचे भोक केवढे बारीक आणि भिंत केवढी जाड, ते पाहण्यासारखे आहे. ही फळी शाळेच्या विज्ञानखोलीत खिडकीजवळ ठेवली आहे. दाब-उतारकाचे झाकण चार स्क्रू काढून उघडता येते. आतील रबरी पडदा मात्र बोटाने हलकेच दाबावा.

कूलंटच्या बाटलीवर आम्ही खडूने खूण केली होती. तीन महिने झाले. पाणी खुणेवरच आहे.