कतञ्ञू आणि कतवेदी

मंगलसुत्तात तथागतांनी ज्यांना उत्तम मंगल म्हटले, त्यांत गौरव, विनम्रता आणि संतुष्टी यांच्या बरोबरीने ‘कतञ्ञुता’ आहे. कतञ्ञुता म्हणजे कृतज्ञता. अंगुत्तर निकायात जगातील दोन दुर्लभ माणसे सांगितली आहेत. पहिला ‘पुब्बकारी’, म्हणजे परतफेडीची अपेक्षा न ठेवता आधी उपकार करणारा. दुसरा ‘कतञ्ञू कतवेदी’. यातील दोन शब्द एकाच अर्थाचे नाहीत. कतञ्ञू म्हणजे केलेले जाणणारा. कतवेदी म्हणजे जाणलेले प्रकट करणारा. पहिल्या पायरीवर आपण सारेच असतो. दुसरी पायरी मात्र अनेकांची राहून जाते.

ती कशी चढावी, हे परमपूज्य बाबासाहेबांच्या ग्रंथांतील अर्पणपत्रिका शिकवतात. वाचक ही पाने सहसा उलटून पुढे जातात. 1923 साली प्रसिद्ध झालेला ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ हा ग्रंथ त्यांनी आईवडिलांच्या स्मृतीस अर्पण केला. मुलाच्या पुस्तकांसाठी सुभेदार रामजी विवाहित लेकींकडे हात पसरत आणि प्रसंगी त्यांचे दागिने गहाण ठेवत. अर्थशास्त्राच्या ग्रंथाचे पहिले पान त्या त्यागाची नोंद घेते.

1925 सालचा प्रांतिक अर्थव्यवस्थेवरील ग्रंथ त्यांनी सयाजीराव महाराज गायकवाड यांना, शिक्षणास केलेल्या साहाय्याबद्दल अर्पण केला. महाराजांनी त्यांना महाविद्यालयात असताना दरमहा 25 रुपये शिष्यवृत्ती दिली आणि 1913 साली कोलंबिया विद्यापीठात पाठविले. पण त्याच बडोद्यात 1917 साली नोकरीवर रुजू झाल्यावर कचेरीतले शिपाई त्यांच्याकडे फायली लांबून फेकीत, आणि पारशी वसतिगृहातून त्यांना बाहेर काढण्यात आले. ही जखम बाबासाहेब कधी विसरले नाहीत. तरीही आठ वर्षांनी महाराजांचे नाव त्यांनी ग्रंथाच्या आरंभी घातले. अन्याय करणारे वेगळे आणि हात देणारा वेगळा, हा विवेक त्यांनी राखला. अन्यायाचे स्मरण आणि उपकाराचे स्मरण एकाच मनात नांदू शकतात, हा आमच्या मते या पानाचा खरा धडा होय.

तिसरे उदाहरण ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ या ग्रंथाच्या प्रस्तावनेचे. परीक्षा उत्तीर्ण झालेल्या भीमरावाचा सत्कार करावा, असे समाजाच्या मनात आले. अशाने मुलाच्या डोक्यात हवा जाईल, म्हणून वडिलांनी नकार दिला. दादा केळुस्कर मध्ये पडले, तेव्हा सभा झाली, आणि केळुस्करांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्या मुलाला भेट दिले. चरित्रकार हा प्रसंग मॅट्रिकनंतरचा, 1907 च्या सुमाराचा मानतात; बाबासाहेबांनी स्वतः मात्र इंग्रजी चौथीच्या परीक्षेचा उल्लेख केला आहे. वर्ष कोणतेही असो, जवळजवळ अर्धशतकानंतर, 1956 साली, त्यांनी त्या एका पुस्तकाचे ऋण लिहून ठेवले. त्याच प्रस्तावनेत आजारपणात जपणाऱ्या पत्नीचे आणि डॉक्टर मावळणकरांचेही आभार आहेत. परंतु महापरिनिर्वाणानंतर 1957 साली निघालेल्या पहिल्या आवृत्तीत ही प्रस्तावना आली नाही. वाचकांसमोर ती फार उशिरा आली. कृतज्ञतेचे शब्द असे मागे राहून जातात.

आम्ही स्वतः या बाबतीत उणे पडलो आहोत. दहावीच्या परीक्षेचा फॉर्म भरण्याची मुदत संपत आली होती. आई कापूस वेचायला जायची. मजुरी हाती यायला आठवडा होता. आमच्या गुरुजींनी शुल्क भरले आणि पावती आमच्या हाती ठेवून ते वर्गात निघून गेले. ती पावती आजही आमच्या पेटीत आहे. नोकरी लागली की भेटू, एम.ए. झाले की भेटू, असे म्हणता म्हणता वर्षे गेली. अखेर गुरुजींच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात आम्ही उभे राहून ही हकिगत सांगितली. नंतर बाई हळूच म्हणाल्या, “हे त्यांना सांगितलं असतंत तर बरं झालं असतं, बाळ.” आम्ही कतञ्ञू होतो, कतवेदी झालो नव्हतो.

धुळ्याजवळ लळिंगच्या लांडोर बंगल्यात बाबासाहेबांनी 31 जुलै 1937 रोजी मुक्काम केला. त्या मुक्कामाच्या स्मरणार्थ आजही दरवर्षी त्या दिवशी खान्देशातून माणसे तेथे जमतात. समाज म्हणून आपण कृतज्ञता जपतो. व्यक्ती म्हणून मात्र पुष्कळदा विसरतो. वसतिगृहात भाकरी थापणाऱ्या मावशी, रात्री कंदील घेऊन फेरी मारणारे रखवालदार, तापात उशाशी बसणारे अधीक्षक, स्वतःचे शिक्षण सोडून धाकट्यांना शिकवणारी बहीण यांच्यासाठी कोठे मेळावा भरत नाही. त्यांना आपणच जाऊन सांगायचे असते.

म्हणून माजी विद्यार्थ्यांना एक विनंती. ही स्मरणिका मिटण्यापूर्वी शेवटच्या कोऱ्या जागेत अशा दोन हयात व्यक्तींची नावे लिहावीत आणि या महिन्यातच त्यांना भेटावे. पालकांनी जाताना मुलांना सोबत न्यावे. कृतज्ञता मुले पाहूनच शिकतात. ज्यांची माणसे आता उरलेली नाहीत, त्यांनी एखाद्या मुलाचा परीक्षेचा फॉर्म भरावा आणि पावती त्याच्या हाती ठेवावी. कतवेदी होण्याची वेळ टळली, तरी पुब्बकारी होण्याची वेळ टळलेली नसते.

नमो बुद्धाय, जयभीम.