हिरवळीखालील वस्तु कशी काढावी?

जमिनींत दडलेली वस्तु सांपडणें हें दैवाधीन आहे. परंतु ती कशी काढावी व काढल्यावर जमीन कशी ठेवावी, हें सर्वस्वीं आपल्या हातीं असतें. इंग्लंडांत धातुशोधक यंत्र घेऊन शेतांतून व कुरणांतून हिंडण्याचा छंद पुष्कळांना आहे. यंत्र वाजल्यावर मनुष्य खालीं बसून काय करतो, ह्यावरून ह्या छंदांतील जाणता व नेणता ओळखूं येतो. विद्यार्थिमित्रांनो, त्या कामाचाच विचार आज आम्ही तुमच्यापुढें मांडणार आहों.

प्रथम यंत्राविषयीं दोन शब्द. त्याच्या टोंकास तारेचें एक वेटोळें असतें. त्यांतून सतत दिशा बदलणारा विद्युत्प्रवाह सोडला म्हणजे भोंवतीं बदलतें चुंबकीय क्षेत्र उत्पन्न होतें. तें जमिनींतील धातूपर्यंत पोंचलें कीं त्या धातूंत भोंवऱ्यासारखे लहान प्रवाह फिरूं लागतात. त्यांचें स्वतःचें क्षेत्र तयार होतें, तें यंत्राला कळतें आणि नाद उमटतो. मात्र तो नाद नाण्याचा कीं गंजक्या खिळ्याचा, हें यंत्र खात्रीनें सांगूं शकत नाहीं. यास्तव प्रत्येक वेळीं आपण मोहोरच काढीत आहों अशा बेतानें हात चालवावा.

येथें आमचीच एक चूक सांगतों. लहानपणीं घरासमोरील हरळींत आमच्या हातून एक किल्ली पडली व पावसाळ्याच्या चिखलांत रुतून बसली. पुढें हिवाळा सरतां सरतां तिच्या कडीचें टोंक दिसलें. आम्हीं धांवत जाऊन कुदळ आणली आणि चार घाव घातले. किल्ली मिळाली, पण ती जागा उन्हाळाभर पिवळी राहिली. आमची आई एक शब्दहि न बोलतां रोज सायंकाळीं तेथें तांब्याभर पाणी घालीत असे. त्या मौनानें आम्हांस जो धडा दिला, तो कोणत्याहि रागावण्यानें दिला नसता.

चूक कोठें झाली, हें पुढें कळलें. गवताचें पातें कापलें तर तें पुन्हां वाढतें; परंतु मुळें तुटून उघडीं पडलीं व वाळलीं कीं गवत मरतें. म्हणून सारें कौशल्य मुळें जपण्यांत आहे.

आतां रीत पाहूं. प्रथम जागेच्या मालकाची परवानगी घ्यावी. नंतर वेळ पाहावी. पाऊस पडून गेल्यावर जमीन ओलसर असते, पातें सहज शिरतें व उचललेलें गवत लौकर रुजतें. कडक उन्हांत, माती कोरडी असतां, हिरवळीला हात न लावणेंच बरें.

पुढें वस्तूची नेमकी जागा ठरवावी. यंत्र एका रेषेंत डावीउजवीकडे फिरवून नाद कोठें मोठा होतो तें पाहावें. मग काटकोनांत वळून पुन्हां तसेंच करावें. दोन्ही रेषा जेथें छेदतात, तेथें वस्तु असते. ह्यांत दोन मिनिटें अधिक गेलीं तरी चालतील, कारण जागा जितकी अचूक, तितका खड्डा लहान.

खणावयास कुदळ किंवा फावडें नको. धारदार, अरुंद पात्याचें खुरपें पुरें. त्या बिंदूच्या भोंवतीं, त्यापासून तीन-चार बोटें दूर, पातें सरळ उभें धरून घोड्याच्या नालाच्या आकाराची चीर द्यावी. बिंदूवरच पातें घातलें तर वस्तूवर ओरखडा उठण्याचा संभव असतो. चीर सुमारें चार इंच खोल असावी, म्हणजे बहुतेक मुळें मातीसकट उचललीं जातात. चौथी बाजू मुळींच कापूं नये; ती पेटीच्या झांकणाच्या बिजागरीप्रमाणें काम करते. त्या बाजूचीं मुळें जमिनीशीं जोडलेलीं राहतात, आणि झांकण मिटतांना तें आपल्या मूळ जागींच नीट बसतें.

झांकण उलटण्यापूर्वीं शेजारीं गोणपाट पसरावें व खड्ड्यांतील सुटी माती त्यावरच काढावी. गवतावर टाकलेली माती पुन्हां पुरती गोळा होत नाहीं, आणि तेवढी माती कमी पडली कीं जागा खचते. झांकणाला चिकटलेल्या मातींतहि वस्तु असूं शकते. ती तेथेंच आधीं शोधावी. वस्तु मिळाल्यावर खड्ड्यावरून पुन्हां एकदां यंत्र फिरवावें, कारण कित्येकदां एकाखालीं दुसरी वस्तु असते. मग गोणपाटाचीं टोंकें धरून माती आंत ओतावी, दाबावी, झांकण मिटावें, पायानें हलकेंच चेपावें व पाणी घालावें. खिळे, पत्र्याचे तुकडे निघाल्यास ते खिशांत घालून न्यावे. पुन्हां पुरूं नयेत.

हातीं आलेली वस्तु अंगरख्याला घांसून चकचकीत करण्याचा मोह होतो. तो आवरावा. मातींतील बारीक कण सोन्याचांदीवर कायमचे ओरखडे पाडतात. वस्तु मातीसकट मऊ कागदांत गुंडाळावी व जागा आणि खोली लिहून ठेवावी.

परंतु केव्हां खणूं नये, हें कळणें सर्वांत अवघड. १६ नोव्हेंबर १९९२ रोजीं इंग्लंडांतील सफोक परगण्यांत, हॉक्सन गांवीं, एरिक लॉझ नांवाचे गृहस्थ आपल्या शेतकरी मित्राचा शेतांत हरवलेला हातोडा यंत्रानें शोधीत होते. तेथें सोन्याचांदीचीं रोमन नाणीं निघूं लागलीं. कांहीं वस्तु वर काढल्यावर त्यांनीं हात आवरला आणि जमिनीचे मालक व पोलीस यांस कळविलें. दुसऱ्याच दिवशीं पुराणवस्तुतज्ज्ञांनीं तेथें खोदकाम केलें व कांहीं भाग मातीच्या गोळ्यांसकट उचलून प्रयोगशाळेंत नेला. सुमारें १५,००० नाणीं व २०० च्या आसपास इतर मौल्यवान वस्तु मिळाल्या. त्या मूळ जागींच पाहतां आल्यामुळें, सारें धन एका लांकडी पेटींत आणि आंतील लहान पेट्यांत रचून ठेवलें होतें, हेंहि कळलें. पेटी तर केव्हांच कुजून गेली होती. घाईनें उपसलें असतें तर नाणीं मिळालीं असतीं, पण ही हकीकत मातींतच विरून गेली असती. लॉझ यांस साडेसतरा लक्ष पौंड मिळाले. ते त्यांनीं त्या शेतकऱ्याबरोबर वांटून घेतले. हातोडाहि सांपडला, व तो आज ब्रिटिश म्यूझियमच्या संग्रहांत आहे.

इंग्लंडांत १९९६ च्या कायद्यान्वयें असें धन सांपडल्यास चवदा दिवसांचे आंत कळवावें लागतें. आपल्याकडे १८७८ चा निधीविषयक कायदा आहे. जमिनींत पुरलेलें दहा रुपयांहून अधिक किंमतीचें धन सांपडल्यास कलेक्टरांस लेखी कळविणें त्यानें बंधनकारक केलें आहे. संरक्षित किल्ले व लेणीं यांच्या आवारांत तर परवानगीवांचून खणणें हाच गुन्हा होय.

पालकांस आमची एवढीच विनंती कीं, मुलाच्या हातीं खुरपें द्यावें, तें ह्या रीतीसह द्यावें. हिरवळींत पडलेली आईची अंगठी शोधावयाची असो वा क्रीडांगणांत रुतलेला खिळा काढावयाचा असो, नियम एकच आहे. दुसऱ्या दिवशीं तेथून जाणाऱ्यास येथें कोणी खणलें होतें हें कळूं नये. तसें झालें तरच काम पुरें झालें असें समजावें.