एका दिवसात हैदराबाद: मैत्रिणीला फिरवण्याची कृती

नांदेडची, लातूरची किंवा सोलापूरची मैत्रीण फोनवर म्हणाली, "एक दिवस येते गं, हैदराबाद दाखव," की दडपण घेऊ नकोस. तू इथं शिकतेस म्हणजे शहर तुला पाठ असणार, असं तिला वाटतं. खरं तर तुला हॉस्टेल, मेस आणि लायब्ररी एवढंच पाठ असतं. काही बिघडत नाही. खाली दिलेल्या क्रमानं चालत राहा. दिवसभरात दोनच वेळा काटेकोर सांभाळायच्या: दुपारी १२ वाजता सालारजंग म्युझियममधलं घड्याळ आणि साडेतीनला गोवळकोंडा. बाकी सगळं त्यांच्या आगेमागे बसतं.

जवळ काय हवं

दोघींची मूळ ओळखपत्रं, दहा-वीसच्या सुट्ट्या नोटा, एकेक मोठी ओढणी, पाण्याच्या दोन बाटल्या, पायात घट्ट बसणारे बूट, एक छोटं कुलूप, डासांचं मलम आणि भरलेली पॉवर बँक.

ती येण्याआधी

१. वार ठरव. शुक्रवार नको: सालारजंग बंद असतं आणि मक्का मशिदीत दुपारच्या नमाजाची गर्दी असते. सोमवारही टाळ, त्या दिवशी गोवळकोंड्याचा ध्वनिप्रकाशाचा शो सहसा नसतो. मंगळवार, बुधवार, गुरुवार उत्तम.

२. तिकिटाचा फोटो मागवून घे आणि स्टेशनचं नाव स्वतः वाच. इथं सिकंदराबाद, काचीगुडा, नामपल्ली अशी मोठी स्टेशनं आहेत. तिकिटावर नुसतं 'हैदराबाद' असेल तर ते नामपल्ली. इथंच बहुतेकींची गडबड होते: एक सिकंदराबादला उभी, दुसरी नामपल्लीला, आणि दोघी फोनवर "मी गेटपाशीच आहे" म्हणतायत.

३. तिला सांग, मोठ्या बॅगेला कुलूप लावून आण. कुलूप नसलेली बॅग स्टेशनच्या क्लोकरूममध्ये घेत नाहीत. ती विसरली, तर तुझ्याकडचं छोटं कुलूप आहेच.

सकाळ

४. ती उतरली की आधी बॅग क्लोकरूममध्ये ठेव. तिचं रेल्वेचं तिकीट लागेल. पावतीचा लगेच फोटो काढ, कागद दिवसभरात हरवतो.

५. चारमिनारला जाणारी सिटी बस पकड. तुझ्या आधारवर तेलंगणाचा पत्ता असेल, तर साध्या आणि एक्सप्रेस बसमध्ये तुला शून्य रुपयांचं तिकीट मिळेल. मैत्रिणीचा पत्ता महाराष्ट्राचा, तेव्हा तिचे पैसे द्यायचे. 'बाईला फुकट' एवढंच ऐकून तिला बिनतिकीट बसवू नकोस. मेट्रोनं यायचं असेल तर एमजीबीएसला उतर आणि पुढं रिक्षा कर, कारण चारमिनारला मेट्रो नाही. रिक्षात बसण्याआधी भाडं ठरव.

६. चारमिनारच्या शेजारी निमरा कॅफेत दोन इराणी चहा आणि चार उस्मानिया बिस्किटं घे. बिस्किट बुडवताना मनात दोनपर्यंत मोज आणि उचल. तीन म्हटलंस की अर्धं कपात बसलं.

७. तिकीटखिडकी उघडली की चारमिनारवर चढ. गोल जिना अरुंद आहे आणि पायऱ्या उंच. वरून कुणी उतरत असेल तर भिंतीला टेकून थांब, ओलांडायला जाऊ नकोस. बॅग पाठीवर नको, पोटाशी धर.

८. उतरल्यावर समोरच्या मक्का मशिदीत जा. चपला काढ, ओढणी डोक्यावरून घे, गुडघे आणि खांदे झाकलेले असू देत. नमाज सुरू असेल तर बाहेर अंगणात थांब, कबुतरं तिथंच असतात.

९. साडेदहाला तिथून निघ. लाड बाजाराकडे मैत्रीण ओढेल. ओढू देऊ नकोस. दुकानं तेव्हा जेमतेम उघडत असतात, आणि बांगड्या पाहायला लागलीस तर बारा वाजता तू तिथंच असशील.

१०. गुलजार हौजवरून पत्थरगट्टीच्या कमानींखालून सरळ उत्तरेला चाल. मदिना चौकातून पुढं, मुसी नदी लागण्याआधी उजवीकडे वळ. पंधरा-वीस मिनिटांत सालारजंग येतं. फुटपाथवर मोत्यांचे दुकानदार हाक मारतील. हसून पुढं जा. आज मोती नाहीत.

बाराच्या आधी आणि नंतर

११. म्युझियममध्ये तिकीट काढून बॅगा जमा कर. पैसे, फोन आणि ओळखपत्र मात्र हातात ठेव.

१२. बाकीची दालनं सोडून थेट घड्याळापुढं जाऊन बस. ११:४० पर्यंत जागा धर, नंतर माणसांच्या डोक्यांखेरीज काही दिसत नाही.

१३. बारा वाजताना घड्याळाकडे बघ, फोनकडे नको. एक छोटा लोहार सेकंदासेकंदाला हातोडा मारत असतो. तास भरला की दाढीवाला इवलासा माणूस दारातून बाहेर येतो आणि घंटेवर टोले देतो. बाराला तो सगळ्यांत जास्त वेळ बाहेर असतो, म्हणून तर ही वेळ धरली. व्हिडिओ काढायचाच असेल तर एकीनं काढायचा, दुसरीनं बघायचं.

१४. गर्दी पांगली की 'बुरख्यातली रिबेका' बघायला जा. संगमरवरी पुतळा आहे, आणि चेहऱ्यावरचा पातळ पदरही दगडाचाच. आधी समोरून बघ, मग एक पाऊल बाजूला सरकून बघ. हात लावू नकोस.

१५. एक वाजता बाहेर पड. सगळं म्युझियम बघायला गेलीस तर पाय इथंच संपतील आणि गोवळकोंड्याच्या पायऱ्यांना काही उरणार नाही.

दुपार

१६. मदिना चौकाजवळच्या शादाबमध्ये दोघींत मिळून एकच बिर्याणी मागव. सोबत मिरचीचं सालन आणि दही येतं. सालन आधी चमच्याच्या टोकावर घेऊन बघ, मग भातावर ओत. मैत्रीण शाकाहारी असेल तर रस्त्यावरच्या एखाद्या उडप्याकडे डोसा खा, वेळ तेवढाच लागतो.

१७. आता लाड बाजारात जा. तासभर दे, जास्त नाही.

१८. बांगडीचं माप आधी हातात चढवून बघ. दोन-चार, दोन-सहा हे आकडे आपल्याकडचेच, पण लाखेची बांगडी काचेच्या बांगडीपेक्षा जाड असते. नेहमीचं माप हातात अडकू शकतं.

१९. खडे नखानं हलकेच घासून बघ. हलला तो खडा नांदेडपर्यंत टिकणार नाही. दुसरी जोडी माग.

२०. भाव कर. पहिला भाव ऐकून निम्मा सांग, आणि पटलं नाही तर म्हण, "नक्को." आपलाच 'नको', इथं एक क जास्त. मग दोन पावलं चाल, पण हल्लू. बोलावणं येतं. एक धोका: मान हलवत "हो, हो" म्हणत ऐकायची आपली सवय. इथं 'हौ' म्हणजे होकार, आणि तुझा 'हो' त्याला तसाच ऐकू येतो. सौदा ठरेपर्यंत गप्प राहा.

२१. परतताना उस्मानिया बिस्किटांचा एक खोका घे. सकाळी घेतला असतास तर एव्हाना चुरा झाला असता.

२२. पावणेतीनला गोवळकोंड्यासाठी रिक्षा किंवा कॅब कर. ही वेळ चुकली तर किल्ला चढणं आणि शो, दोन्ही चुकतात.

गोवळकोंडा

२३. किल्ल्याचं तिकीट काढ आणि तिथंच शोची चौकशी कर: आज आहे का, किती वाजता, कोणत्या भाषेत. शोचं तिकीट वेगळं असतं.

२४. आत शिरल्याबरोबर घुमटाखाली गाईड टाळ्या वाजवत असतात, तिथं थांब. मैत्रिणीला पुढं पाठव. तिनं पायऱ्या चढून वरच्या बारादरीपर्यंत जायचं. तू खालीच राहायचं. हा प्रयोग एकटीला करता येत नाही, आज तू दुकटी आहेस.

२५. टाळ्यांची खूण आधीच ठरवून ठेव: तीन भराभर, थोडं थांबून दोन. तिथं दहा जणं टाळ्या वाजवत असतात. खूण नसेल तर वर ती कुणाच्या तरी टाळीला हात हलवत बसेल.

२६. तिचा मिस्ड कॉल आला की वाजव. तळवे पोकळ करून, घुमटाच्या बरोबर खाली उभं राहून. दोन पावलं बाहेर सरकलीस की आवाज नुसताच खाली राहतो.

२७. तिचा "ऐकू आलं!" असा फोन आला की तूही चढायला लाग. साडेतीनशेच्या आसपास पायऱ्या आहेत. दर वळणावर घोटभर पाणी पी, वर पोचून गटागटा नको.

२८. वर दोघी मिळून शहर बघा. चारमिनार शोधायचा असेल तर मिनारांपेक्षा मोकळ्या हवेची वाट बघा, धुरकट दिवशी तो दिसत नाही. रखवालदार खाली जायला सांगू लागले की लगेच निघा, अंधारात या पायऱ्या कळत नाहीत.

२९. शोला बसण्याआधी डासांचं मलम लाव. घोट्यांना विसरू नकोस, ते तिथूनच सुरुवात करतात. गाडी रात्री दहाच्या आतली असेल तर शो सोडून दे, हळहळू नकोस.

३०. स्टेशनला पोचायला दीड तास धरून कॅब कर. स्टेशनचं नाव पुन्हा एकदा तिकिटावर वाच.

३१. पावती दाखवून बॅग सोडव. बांगड्या तिच्या कपड्यांच्या मधोमध घाल आणि बिस्किटांचा खोका सगळ्यांत वर. आणि ती बसेल तिथं बॅग उभीच ठेवायला सांग. आडवी टाकली, तर घरी चहाबरोबर चुराच खावा लागेल.