मणी, वाळू आणि दाईचा हात



उपवासकाळात आपण जे बाजूला काढून ठेवतो, त्यातून यंदा जव्हार-मोखाड्याकडच्या एखाद्या पाड्याला काही द्यावे, असा विचार पॅरिश कौन्सिलपुढे आला आहे. युवकांनी सौर पंप सुचवला आहे, कुणी शाळेसाठी टॅबलेट सुचवले आहेत. सूचना मनापासून आलेल्या आहेत. पण निर्णय होण्याआधी मला माझी एक जुनी चूक कबूल करायची आहे.

काही वर्षांपूर्वी मी दुसऱ्या धर्मग्रामात होतो. तेव्हा आम्ही एका पाड्यावर पाणी शुद्ध करण्याचे यंत्र बसवले. फीत कापली, फोटो काढले, भाषण अर्थात मीच केले. वर्षभराने पुन्हा गेलो, तर यंत्रावर कोंबड्या बसलेल्या. त्याचा फिल्टर बदलायला झाला होता. तो तालुक्याच्या गावात मिळत नव्हता आणि बदलायचा कसा, हे आम्ही कुणाला शिकवलेलेच नव्हते. बायका पूर्वीच्याच विहिरीवर जात होत्या. कुणीही तक्रार केली नाही, आणि तेच मला जास्त लागले. यंत्र त्यांना आपले वाटलेच नव्हते. ते आमचे होते.

मोठ्यांच्याही हातून असे घडते. आफ्रिकेत मुलांच्या खेळण्याच्या चक्राला पंप जोडण्याची कल्पना निघाली. मुले खेळतील आणि पाणी वर येईल! २००६ साली अमेरिकेतून कोट्यवधी डॉलर जाहीर झाले. काही गावांत तर चालू हातपंप काढून हे चक्र बसवले. मुले काय, थोडा वेळ खेळतात आणि पळतात. मग बायकाच ते जड चक्र ढकलत बसल्या. २०१० पर्यंत ती अमेरिकन मोहीम गुंडाळली गेली.

याच्या उलट उदाहरण आपल्याच महाराष्ट्रातले आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग हे दाम्पत्य १९८६ साली गडचिरोलीत गेले. लहान मुले न्यूमोनियाने दगावत होती. औषध साधे होते, पण रोग ओळखायचा कुणी? डॉक्टर मिनिटाला किती श्वास होतात ते मोजतो. गावात होती दाई, आणि अनेक दायांना दहा-बाराच्या पुढे मोजता येत नव्हते. बंगांनी दाई बदलली नाही, साधन बदलले. एका पाटीवर मणी आणि एका मिनिटाचे वाळूचे घड्याळ. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचा सहावा मणी वाळू संपण्याआधी सरकला, तर न्यूमोनिया समजायचा आणि औषध सुरू करायचे. हेही तंत्रज्ञानच आहे. मला तर ते टॅबलेटपेक्षा अवघड वाटते, कारण ते बनवण्याआधी दाईपाशी बसावे लागते.

पुढे त्यांनी गावातल्याच स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून तयार केले. बाळाचे वजन करणे, ताप मोजणे, त्याला ऊबदार पिशवीत ठेवणे, श्वास अडकला तर तोंडावर मास्क लावून हवा देणे, जंतुसंसर्ग झाला तर इंजेक्शन देणे, हे सारे त्या शिकल्या. खेड्यातल्या बाईने इंजेक्शन द्यायचे, हे अनेक डॉक्टरांना पटणारे नव्हते. ३९ गावांत हे काम चालले आणि शेजारच्या ४७ गावांशी तुलना झाली. तिसऱ्या वर्षापर्यंत नवजात बालकांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले. १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात हे निष्कर्ष छापून आले. या कामाला परदेशी देणग्याही लागल्या, हे विसरू नये. पैसा लागतोच. २०११ पासून देशभरातल्या आशा ताई नवजात बाळाला घरी जाऊन तपासतात, त्यामागे हेच काम आहे.

त्यांचा दवाखानाही पाहण्यासारखा आहे. मोठ्या इमारतीत जायला आदिवासी बिचकतात, हे कळल्यावर तो त्यांच्या वस्तीसारखा, झोपड्यांच्या घाटाचा बांधला आणि त्यांच्या दंतेश्वरी देवीचे नाव त्याला दिले.

आपल्याला हे लांबचे वाटेल. पण जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथे १९९२-९३ साली कुपोषणाने बालके दगावली, तेव्हा वसई आणि जव्हार एकाच ठाणे जिल्ह्यात होते. २०१४ पासून दोन्ही पालघर जिल्ह्यात आहेत. माणिकपूरहून निघालेला माणूस दुपारच्या जेवणाला तिथे पोहोचतो.

पोप सहावे पॉल यांनी १९६७ साली राष्ट्रांच्या विकासावर परिपत्रक लिहिले. लोकांनी आपल्या विकासाचे शिल्पकार स्वतः व्हावे, असा त्याचा रोख आहे. सेमिनरीत मी त्यावर चांगला निबंध लिहिला होता. तरीही ते यंत्र बसवले!

म्हणून कौन्सिलला माझी विनंती आहे की पंप की टॅबलेट, हे आज ठरवू नये. आधी चार-पाच जणांनी पाड्यावर जावे, शक्य तर एक रात्र राहावे. पाणी कोण भरते, वीज किती वेळ असते, बिघडले तर कुणाला बोलावतात, बायकांना काय हवे आहे, हे विचारावे. दुरुस्ती शिकायला तयार असलेली दोन माणसे तिथलीच हवीत, आणि निम्मी रक्कम पुढच्या तीन वर्षांच्या देखभालीसाठी राखून ठेवावी. मग यंत्र लहान आले तरी चालेल.

आपल्यात पंप दुरुस्त करणारे, वायरमन, नर्स पुष्कळ आहेत. ज्यांना यायचे आहे त्यांनी पुढच्या रविवारपर्यंत पॅरिश ऑफिसमध्ये नाव द्यावे. स्त्रियांनी अवश्य यावे. मागच्या वेळी आम्ही सगळे पुरुषच गेलो होतो.