पेशीतली साफसफाई थांबते तेव्हा

रविवारच्या वंदनेला बसलेल्या एखाद्या ज्येष्ठ उपासकाचा हात मांडीवर आपोआप हलत असतो. वय झाले, असे म्हणून आपण ते सोडून देतो. दुसऱ्या एखाद्या घरात लहान मूल असते. हातपाय काडीसारखे, पोट मात्र फुगलेले, अंगात रक्त नाही, कुठे लागले की लगेच काळेनिळे पडते. त्या मुलाबद्दल आयाबाया हळू आवाजात काहीबाही बोलतात. या दोन दुखण्यांचा एकमेकांशी काही संबंध असेल, असे पूर्वी डॉक्टरांनाही वाटत नव्हते. काही घराण्यांत तो असतो, हे गेल्या पंचवीसेक वर्षांत स्पष्ट झाले आहे. या अंकात आपण तो संबंध समजून घेऊ.

आपले शरीर पेशींचे बनलेले आहे. प्रत्येक पेशीत झिजलेले, मोडके भाग सतत तयार होतात. ते फोडून पुन्हा वापरण्याजोगे करणाऱ्या सूक्ष्म पिशव्या पेशीत असतात. शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात त्यांना लयकारिका म्हटले आहे, इंग्रजी नाव लायसोसोम. बेल्जियमचे शास्त्रज्ञ ख्रिश्चन द दुव्ह यांनी १९५५ साली त्यांची ओळख जगाला करून दिली आणि १९७४ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. या पिशवीच्या आत आम्ल असते आणि पन्नासाहून अधिक विकरे, म्हणजे एन्झाइम, असतात. प्रत्येक विकराचे काम ठरलेले. एकाचे काम दुसरे करत नाही. (श्रमविभागणी ठीक, पण इथे कोणी वरचा-खालचा नाही. एक जरी गैरहजर राहिला तरी सगळ्यांचे काम अडते.)

आता स्फिंगोलिपिड. हे एक प्रकारचे मेद असून पेशीच्या आवरणात ते असतात, मेंदूत आणि मज्जातंतूंवर तर भरपूर असतात. लंडनमध्ये काम करणारे डॉ. थुडिकम यांनी १८८४ साली मेंदूच्या रसायनांवर ग्रंथ लिहिला. त्यात या मेदांच्या गाभ्यातील पदार्थाला त्यांनी ग्रीक कथेतल्या कोडी घालणाऱ्या स्फिंक्सवरून नाव दिले, कारण तो पदार्थ त्यांना कोड्यासारखाच वाटला. जुन्या पेशींबरोबर हे मेद लयकारिकेत येतात आणि एकामागून एक विकरे त्यांचे तुकडे करतात. साखळीतले एखादे विकर कमी पडले की त्याच्या अलीकडचा मेद साचत जातो. कोणते विकर नाही त्यावरून आजार वेगळा: टे-सॅक्स, नीमन-पिक, गोशे असे.

यांपैकी गोशे आजार आपण पाहू. १८८२ साली फिलिप गोशे या फ्रेंच वैद्यकाने पाणथरी फार वाढलेल्या एका स्त्रीचे वर्णन केले. त्याला ती गाठ वाटली होती. खरे कारण कळायला १९६५ साल उजाडले. अमेरिकेत डॉ. रॉस्को ब्रेडी यांच्या गटाने दाखवले की या रुग्णांत ग्लुकोसेरेब्रोसिडेज हे विकर कमी असते. न फुटलेला मेद पाणथरी, यकृत आणि हाडांच्या मगजात साठतो. पोट वाढते ते त्यामुळे, रक्त कमी होते आणि हाडे दुखतात तीही त्यामुळेच. १९९१ पासून हे विकर सलाइनमधून देता येते. सुरुवातीला ते बाळंतपणानंतरच्या वारेतून काढत, त्यासाठी हजारो वारा लागत. आता ते प्रयोगशाळेत तयार होते.

हे विकर बनवण्याची माहिती जीबीए-१ नावाच्या जनुकात असते. प्रत्येकाकडे त्याच्या दोन प्रती, एक आईकडून आणि एक वडिलांकडून. दोन्ही सदोष असतील तरच गोशे होतो. एकच सदोष असलेला माणूस वाहक म्हणवतो. त्याला गोशे होत नाही, पण आईवडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात मूल आजारी होण्याची शक्यता चारात एक असते. दोष दोन्ही घरांकडून येतो. म्हणून सून 'खोटी' निघाली असे म्हणणाऱ्यांनी आधी आपल्या घराकडे पाहावे. मामाच्या मुलीशी लग्न करण्याची रीत आपल्याकडे अजून आहे. नात्यातल्या लग्नात दोघांकडे तोच दोष असण्याची शक्यता वाढते.

बावीस प्रतिज्ञा भिंतीवर लावलेल्या घरांतही 'मागच्या जन्मीचे भोग' हे शब्द कानावर येतात, म्हणून इथे थोडे थांबू. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात कर्माच्या चर्चेत आनुवंशिकतेचाच मुद्दा घेतला आहे. मुलाला गुणविशेष आईवडिलांकडून मिळतात असे विज्ञान सांगते, मग मागच्या जन्मीचे कर्म सोबत येते हे म्हणणे टिकत नाही, असा त्यांचा युक्तिवाद आहे. आजारी लेकराच्या आईला पापाचा हिशेब मागणे हा अन्याय आहे आणि तो आपल्याच वस्तीत होतो.

आता कंपवाताकडे, म्हणजे पार्किन्सनकडे वळू. गोशेच्या काही रुग्णांना आणि त्यांच्या वाहक नातेवाइकांना कंपवात होतो, हे अमेरिकेतील डॉ. एलेन सिड्रान्स्की यांच्या गटाच्या लक्षात आले. २००९ साली अनेक देशांतील पाच हजारांहून अधिक कंपवात रुग्णांचा एकत्रित अभ्यास प्रसिद्ध झाला. निरोगी माणसांच्या तुलनेत या रुग्णांत जीबीए-१ चे दोष सापडण्याची शक्यता पाचपटीहून जास्त होती. म्हणजे पूर्ण आजार न देणारा अर्धा दोषही म्हातारपणी मेंदूला भोवू शकतो. मेंदूच्या पेशींत अल्फा-सिन्युक्लीन नावाचे प्रथिन असते. लयकारिका मंदावली की ते साचून त्याच्या गुठळ्या होतात, आणि त्या गुठळ्या उलट ग्लुकोसेरेब्रोसिडेजलाच लयकारिकेपर्यंत पोहोचू देत नाहीत. असे हे चक्र फिरत राहते. तरीही बहुतेक वाहकांना आयुष्यभर कंपवात होत नाही, आणि कंपवाताच्या बहुतेक रुग्णांत हा दोष नसतो. भिऊन जाऊ नका.

सलाइनमधले विकर मेंदूत शिरत नाही, म्हणून कंपवातासाठी दुसरे मार्ग शोधले जात आहेत. मेद तयार होणेच कमी करणारे वेनग्लुस्टॅट हे औषध चाचणीत निरुपयोगी ठरले. दुसरे नाव तुमच्या ओळखीचे असेल: अँब्रॉक्सॉल, खोकल्याच्या औषधातले. ते या विकराला आधार देऊन त्याचे काम वाढवते. लंडनमध्ये २०२० साली प्रसिद्ध झालेल्या छोट्या चाचणीत ते मेंदूभोवतीच्या पाण्यापर्यंत पोहोचल्याचे दिसले. पण तिथे दिवसाला सव्वा ग्रॅमहून थोडी अधिक मात्रा होती, खोकल्याच्या मात्रेच्या दहापटीहून जास्त, आणि तीही डॉक्टरांच्या नजरेखाली. कंपवात त्याने थांबतो हे सिद्ध झालेले नाही. मोठी चाचणी ब्रिटनमध्ये चालू आहे. त्यामुळे दुकानातून बाटल्या आणून आजोबांना पाजू नका, आणि चालू असलेली कंपवाताची गोळी मनाने बंद करू नका.

घरात कोणाचा हात विसाव्यात असताना थरथरत असेल, चाल मंदावली असेल, अक्षर बारीक होत चालले असेल, तर मेंदूविकार तज्ज्ञांना दाखवा आणि घराण्यात पाणथरी वाढलेले किंवा लहानपणी दगावलेले मूल होते का, तेही सांगा. मुलाची पाणथरी कारण न सापडता वाढलेली असेल, तर या विकराची रक्ततपासणी करता येते का, हे डॉक्टरांना विचारा. राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरण २०२१ खाली गोशेच्या रुग्णाला ५० लाख रुपयांपर्यंत मदत मिळू शकते. मुंबईचे केईएम रुग्णालय त्यासाठी नेमलेले केंद्र आहे. औषध जन्मभराचे आणि फार महाग असल्याने ही रक्कम पुरत नाही, ती वाढवण्याची मागणी आपल्या संघटनांनीही लावून धरावी. केईएमला जाताना मुलाचे जुने सगळे कागद, सोनोग्राफी, रक्ताचे अहवाल एका पिशवीत घालून न्या.