ओटा, माजघर आणि पेटी : रुबी भाषेतील मेथडची दृश्यता व व्याप्ती

(द्वितीय वर्ष कला)

कला शाखेच्या विद्यार्थ्याने संगणकाच्या भाषेवर लिहावे, हे काहींना आगाऊपणाचे वाटेल. परंतु भाषा म्हटली की व्याकरण आले, आणि व्याकरण हा तर आपलाच विषय! शिवाय हा धडा मी पुस्तकातून नव्हे, तर आईच्या बचत गटाच्या हिशेबात चूक करून शिकलो. म्हणून हे धाडस.

आई चौथीपर्यंत शिकलेली. धुळ्याजवळच्या आमच्या गावात बारा बायकांच्या गटाची पेटी तिच्याकडे असते. दरमहा प्रत्येकी १०० रुपये, म्हणजे वर्षाला १,२०० रुपये. गटाला मिळालेले व्याज वर्षअखेर सर्वांना सारखे वाटून नावावर जमा करतात. जळगावला संगणक शिकणारा मित्र सुट्टीत आला होता. त्याच्या मदतीने मी हा हिशेब रुबी भाषेत मांडला. ही भाषा जपानच्या युकिहिरो मात्सुमोतो यांची. त्यांनी १९९३ साली ती रचायला घेतली व १९९५ साली लोकांपुढे ठेवली. तिच्यात मेथडची नावे देवनागरीतही चालतात. वर्गाचे, म्हणजे क्लासचे, नाव मात्र मोठ्या अक्षराने सुरू व्हावे लागते. देवनागरीत लहान-मोठी अक्षरे नसल्याने तेथे रोमन लिपीला शरण जावे लागते.

मी 'सभासद' या अर्थाचा वर्ग केला. त्यात 'भरणा', 'व्याज', 'शिल्लक' आणि 'रक्कमबदल' अशा मेथड लिहिल्या. प्रत्येक बाई म्हणजे त्या वर्गाची एक वस्तू. यादी छापून आईपुढे ठेवली. तिने बोटांवर मोजले आणि म्हणाली, "पेटीमा पैसा इतलाच शेतस, मंग कागदवर जास्ती कसा?" पेटीत १५,४८० रुपये होते, कागदावर १६,५६०. प्रत्येकीचे ९० रुपये व्याज दोनदा जमा झाले होते! कागद तसाच वाटला गेला असता, तर बायकांनी संशय घेतला असता तो आईवर, माझ्या रुबीवर नव्हे.

आता मूळ विषयाकडे वळू. आमच्याकडच्या धाब्याच्या घराला ओटा असतो, तेथे कोणीही येऊन बसावे. माजघरात भाऊबंद येतात. पेटीला हात फक्त घरचे लावतात. रुबीतही अशा तीन पायऱ्या आहेत.

पहिली पब्लिक. वर्गात लिहिलेली मेथड वेगळे काही सांगितले नाही तर पब्लिकच असते. वस्तूचे नाव, मग टिंब, मग मेथडचे नाव, असे लिहून कोणीही तिला हाक मारू शकतो.

दुसरी प्रोटेक्टेड. हिला दुसऱ्या वस्तूचे नाव घेऊन हाक मारता येते, पण हाक मारणारी वस्तूही त्याच वर्गाची किंवा त्याच्या उपवर्गाची हवी. एका सभासदाची शिल्लक दुसरीशी ताडून पाहायची, तर ही पायरी योग्य. गटातल्या बाईने विचारावे, परक्याने नव्हे.

तिसरी प्रायव्हेट. हिला वस्तूचे नाव न घेता, आतूनच हाक मारायची. सन २०१९ च्या २.७ आवृत्तीपासून 'सेल्फ' म्हणून हाक मारलेली चालते, इतकीच सवलत. मात्र उपवर्गाला वडील वर्गाची प्रायव्हेट मेथड वापरता येते. पेटीची किल्ली मुलाकडे येते, तशीच.

माझी चूक अशी की 'रक्कमबदल' ओट्यावरच ठेवली होती. 'व्याज' ही मेथड तिला आतून बोलावीत होती, आणि यादी छापणाऱ्या भागातूनही मी तिला परस्पर बोलावले होते. मित्राने तिच्या आधी 'प्रायव्हेट' हा एक शब्द घातला. कार्यक्रम पुन्हा चालवला, तो अडला आणि चुकीच्या ओळीचा क्रमांकच त्याने दाखवला. दोन रात्री जे सापडत नव्हते, ते एका शब्दाने सापडले.

हा शब्द एकटा लिहिला की वर्गाच्या त्या भागात पुढे लिहिलेल्या मेथडना लागू होतो. पण 'डेफ सेल्फ' म्हणून लिहिलेल्या वर्गाच्या मेथडना तो लागू होत नाही; नवशिके येथेच फसतात.

व्याप्तीचा नियम याहून वेगळा. मेथडला शेताप्रमाणे बांध असतो. आतले साधे चल बाहेर दिसत नाही, बाहेरचे आत दिसत नाही. ब्लॉकला मात्र बाहेरचे चल दिसते. वस्तूची स्वतःची चले, ज्यांच्या आधी ॲटचे चिन्ह असते, ती तिच्या सर्व मेथडना सामाईक असतात.

एक गोष्ट प्रांजळपणे सांगितली पाहिजे. 'सेंड' या मेथडने प्रायव्हेट मेथडलाही बाहेरून बोलावता येते. म्हणजे प्रायव्हेट हे कुलूप नव्हे, ती मर्यादा आहे. चोराला ती अडवीत नाही. घाईत चुकणाऱ्या माणसाला अडवते. आणि माझ्या अनुभवात हिशेब बिघडतो तो बहुधा घाईनेच.

नवी यादी आईने पुन्हा बोटांवर मोजली. १५,४८० भरले, तेव्हाच तिने पेटी उघडली. वाचकहो, तपासल्याशिवाय पेटी उघडायची नाही, हा नियम तिला कोणत्याही भाषेने शिकवावा लागला नव्हता.